कधी भेटतील आणि कुठे भेटतील : वर्तुळाकार ट्रॅकच्या गणितांवरच्या कामाच्या नोंदी

काम असं आहे : वर्तुळाकार ट्रॅकवर धावणाऱ्यांची गणितं सूत्रं पाठ न करता सोडवता यावीत, असा एक सराव-संच तयार करायचा. प्रत्येक गणित आधी हाताने सोडवायचं, मग वेगळ्या वाटेने पडताळायचं. दोन्ही उत्तरं जुळली तरच ते संचात. ज्यांना असाच संच करायचा आहे किंवा हा धडा पक्का करायचा आहे, त्यांच्यासाठी या नोंदी ठेवते आहे.

२ जून

सुरुवात सूत्रांच्या तक्त्याने केली. एकाच दिशेने धावत असतील तर पहिल्या भेटीची वेळ म्हणजे ट्रॅकची लांबी भागिले वेगांतला फरक. विरुद्ध दिशेने असतील तर लांबी भागिले वेगांची बेरीज. सुटले त्या रेषेवर पुन्हा एकत्र यायचं असेल तर दोघांच्या एका फेरीच्या वेळांचा लसावि. तीन ओळींत तक्ता संपला.

पहिलं गणित घेतलं : ट्रॅक ४०० मीटर, वेग सेकंदाला ६ आणि ४ मीटर, दोघे एकाच रेषेवरून एकाच दिशेने सुटतात. ४०० भागिले २, म्हणजे २०० सेकंद. पडताळणीत उत्तर बरोबर आलं, तरी गणित काढून टाकलं. २०० सेकंदांत पहिला १२०० मीटर धावतो, म्हणजे बरोबर ३ फेऱ्या. दुसरा ८०० मीटर, म्हणजे बरोबर २. दोघे सुटले त्याच रेषेवर भेटतात. पहिली भेट आणि सुटण्याच्या रेषेवरची पहिली भेट या दोन निराळ्या गोष्टी इथे एकाच क्षणी घडतात. नवशिका त्या एकच समजून पुढे जातो आणि पुढची दहा गणितं त्याच समजुतीवर सोडवतो. आकडे सोपे निवडण्याच्या नादात गणित मुद्दाच झाकून टाकतं.

वेग १० आणि ६ केले. फरक ४, वेळ १०० सेकंद. एवढ्यात पहिल्याच्या अडीच फेऱ्या होतात आणि दुसऱ्याची दीड. भेट ट्रॅकच्या थेट समोरच्या बाजूला पडते. सुटण्याच्या रेषेवर एकत्र यायला मात्र २०० सेकंद लागतात. प्रश्न दोन आणि उत्तरंही दोन. संचातलं पहिलं गणित हेच राहील.

५ जून

विरुद्ध दिशेच्या भेटी डोळ्यांना दिसाव्यात म्हणून कागदाचा ट्रॅक केला. ४० सेंटीमीटरची पट्टी, एक सेंटीमीटर म्हणजे १० मीटर. दर पाच सेंटीमीटरला खूण आणि तिच्याखाली ०, ५०, १०० असे आकडे. टोकं जोडून कडं केलं आणि धावपटू म्हणून दोन रंगांच्या पेपर क्लिप लावल्या.

पहिलं कडं वाया गेलं. टोकं एकमेकांवर चिकटवताना एक सेंटीमीटर आत गेला, ट्रॅक ३९० मीटरचा झाला आणि भेटीच्या जागा फेरीगणिक सरकत राहिल्या. हिशोबात चूक शोधण्यात बराच वेळ गेला. चूक डिंकाखाली होती. पट्टी ४१ सेंटीमीटरची कापा, जास्तीचा एक सेंटीमीटर फक्त चिकटवायला. दोन्ही क्लिप एकाच कडेला लावल्या तर एकमेकींत अडकतात आणि ओलांडून जाता येत नाही. एक वरच्या कडेला आणि एक खालच्या कडेला लावायची, कडं हातात धरायचं.

एक चाल म्हणजे ५ सेकंद. पहिली क्लिप एका बाजूला ५ सेंटीमीटर, दुसरी उलट बाजूला ३ सेंटीमीटर. पाच चालींनी, म्हणजे २५ सेकंदांनी, दोन्ही २५० च्या खुणेवर. तसंच पुढे चालवत गेले. भेटी अशा पडल्या : २५०, १००, ३५०, २००, ५०, ३००, १५०, आणि आठवी शून्यावर. आठ भेटी, आठ वेगळ्या जागा, दर ५० मीटरला एक. २०० सेकंद झाले की पुन्हा पहिल्यापासून. त्याच क्लिप एकाच दिशेने चालवल्या तर जागा दोनच : २०० आणि ०.

वेगांचं गुणोत्तर अतिसंक्षिप्त रूपात ५ : ३. सुटण्याच्या रेषेवर पुन्हा एकत्र येईपर्यंत एकाच्या ५ फेऱ्या होतात आणि दुसऱ्याच्या ३. समोरासमोर धावताना दोघांनी मिळून एक फेरी भरली की एक भेट होते. अशा ८ फेऱ्या, म्हणून ८ भेटी. एकाच दिशेने धावताना एक फेरीची आघाडी मिळाली की एक भेट. आघाडी एकूण २ फेऱ्यांची, म्हणून २. गुणोत्तर १० : ६ तसंच ठेवलं तर जागा १६ आणि ४ येतात आणि उत्तर चुकतं. आधी संक्षेप करायचा, मग बेरीज-वजाबाकी.

८ जून

आजची नोंद महत्त्वाची आहे. या संचाचा सगळा ढाचा हिच्यामुळे बदलला.

सापेक्ष वेग वापरणं म्हणजे एकाला जागेवर उभं करणं आणि दुसऱ्याला फक्त फरकाच्या वेगाने पळवणं. कड्यावर तेच करून पाहिलं. दुसरी क्लिप बोटाने शून्यावर धरून ठेवली आणि पहिली एका चालीत २ सेंटीमीटर पुढे नेली, कारण फरक सेकंदाला ४ मीटर, ५ सेकंदांत २० मीटर. वीस चालींनी, म्हणजे १०० सेकंदांनी, ती दुसरीपाशी पोचली. वेळ अगदी बरोबर. पण भेट झाली शून्याच्या खुणेवर, आणि खरी भेट २०० वर होते.

दुसऱ्याला उभं केलं की त्याच्या पायाखालून ट्रॅक मागे सरकू लागतो. खुणा जागच्या जागी राहत नाहीत, त्यामुळे जागेची माहिती या पद्धतीत उरतच नाही. सापेक्ष वेग ‘कधी’ एवढंच सांगतो. ‘कुठे’ हवं असेल तर मिळालेली वेळ घेऊन खऱ्या वेगाकडे परत यायचं : कोणाही एकाचं अंतर काढायचं, ट्रॅकच्या लांबीने भागायचं, बाकी घ्यायची. १० चा धावपटू १०० सेकंदांत १००० मीटर, ४०० ने भागून बाकी २००. ६ चा धावपटू ६०० मीटर, बाकी २००. दोन्ही बाक्या जुळल्या की ‘कधी’ही तपासून झालं. ही पडताळणी एका ओळीची आहे आणि बहुतेक चुका तिथेच सापडतात.

तीन ओळींचा तक्ता रद्द केला. आता प्रत्येक उत्तराला दोन भाग : वर ‘कधी’, खाली ‘कुठे’. प्रश्नाने जागा विचारली नसली तरी दुसरा भाग लिहायचा.

११ जून

तीन धावपटू. वेग ११, ७ आणि ५, ट्रॅक ४०० मीटर, एकाच दिशेने. तिघे पहिल्यांदा एकत्र कधी येतील?

तयार उत्तरांत सर्वांत जास्त दिसणारी वाट म्हणजे फेरीच्या वेळांचा लसावि. वेळा ४००/११, ४००/७ आणि ८० सेकंद. लसावि ४०० सेकंद. हे उत्तर खोटं नाही, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं आहे : तिघे सुटण्याच्या रेषेवर कधी एकत्र येतील. प्रश्नात रेषेचा उल्लेखच नाही.

जोड्या पाडून केलं. ११ आणि ७ : फरक ४, दर १०० सेकंदांनी भेट. ७ आणि ५ : फरक २, दर २०० सेकंदांनी. लसावि २०० सेकंद. तिसरी जोडी वेगळी तपासायची गरज नाही. पहिला दुसऱ्याबरोबर आणि दुसरा तिसऱ्याबरोबर असेल तर पहिला आणि तिसरा एकत्रच आहेत. मग ‘कुठे’ : २२०० ची बाकी २००, १४०० ची बाकी २००, १००० ची बाकी २००. तिघे समोरच्या बाजूला, अर्ध्याच वेळात.

हे हातात आल्यावर छोटी वाटही सापडली. फरकांचा मसावि काढायचा, ४ आणि २ चा २, आणि लांबीला त्याने भागायचं. वेग पूर्ण संख्येत असतील तर ही वाट झटपट आहे आणि अपूर्णांकांचा लसावि काढावा लागत नाही.

१२ जून

तो काढावाच लागला तर : अंशांचा लसावि भागिले छेदांचा मसावि, पण आधी प्रत्येक अपूर्णांक संक्षिप्त करून. ४/६ मिनिट आणि ३/९ मिनिट तसेच घेतले तर उत्तर ४ मिनिटं येतं. प्रत्यक्षात त्या वेळा ४० सेकंद आणि २० सेकंद आहेत, उत्तर ४० सेकंद. जमेल तिथे सगळं सेकंदात आणावं.

१५ जून

सुरुवातीला अंतर असलेली गणितं. ट्रॅक ४००, वेग ७ आणि ५, हळू धावणारा १०० मीटर पुढे. पहिली भेट १०० भागिले २, म्हणजे ५० सेकंदांनी. चौथी भेट कधी? चार वेळा ५० म्हणजे २०० हेही चूक आणि चार वेळा २०० म्हणजे ८०० हेही चूक. पहिल्या भेटीसाठी १०० मीटर भरून काढायचे होते. त्यानंतर दर भेटीला पूर्ण ४०० मीटर. ५० + ३ × २०० = ६५० सेकंद.

‘पुढे’ या शब्दाने मात्र छळलं. वर्तुळावर प्रत्येक जण प्रत्येकाच्या पुढेही असतो आणि मागेही. वेगवान धावपटू १०० मीटर पुढे असेल तर त्याला ३०० मीटर भरून काढायचे असतात आणि पहिली भेट १५० सेकंदांवर जाते. विरुद्ध दिशेने धावत असतील तर तोंडं एकमेकांकडे आहेत की पाठी, यावर १०० की ३०० हे ठरतं. संचात आता प्रत्येक ठिकाणी ‘धावण्याच्या दिशेने इतके मीटर पुढे’ असंच लिहिलं आहे.

याच जातीचं, पण जास्त फसवं : ५ चा धावपटू १०० सेकंद आधी सुटतो, ७ चा नंतर. तो सुटेपर्यंत पहिल्याचे ५०० मीटर झालेत. ५०० भागिले २, म्हणजे २५० सेकंद असं उत्तर सहज लिहिलं जातं. पण ५०० मीटर म्हणजे एक फेरी आणि वर १०० मीटर; ट्रॅकवर तो फक्त १०० मीटर पुढे आहे. पहिली भेट ५० सेकंदांतच होते. २५० सेकंदांनी होते ती दुसरी भेट, आणि त्या वेळी दोघांनी धावलेलं एकूण अंतर सारखं होतं, १७५० मीटर. शर्यतीच्या भाषेत त्याने ‘गाठलं’ ते तेव्हा. भेट विचारली आहे की बरोबरी, हे प्रश्नात स्पष्ट हवं.

१६ जून

ताशी किलोमीटर असतील तर प्रत्येक वेगाला ५/१८ ने गुणत बसू नये. आधी वजाबाकी किंवा बेरीज, मग एकदाच रूपांतर. ताशी १५ आणि १२ : फरक ३, म्हणजे सेकंदाला ५/६ मीटर. ४०० भागिले ५/६, म्हणजे ४८० सेकंद.

१९ जून

वेगही नाही आणि लांबीही नाही, फक्त वेळा दिलेल्या. एक जण ६० सेकंदांत फेरी मारतो, विरुद्ध दिशेच्या धावपटूला दर २४ सेकंदांनी भेटतो. दुसऱ्याची फेरी किती वेळाची? लांबी ‘क्ष’ मानून सोडवलं तर शेवटी क्ष उडतोच, पण मध्ये तीन-चार ओळी जातात. त्यापेक्षा ट्रॅक १२० एककांचा घ्यायचा, कारण १२० हा ६० आणि २४ चा लसावि. पहिल्याचा वेग २, दोघांची बेरीज ५, दुसऱ्याचा ३, फेरी ४० सेकंदांची.

मग तेच गणित एकाच दिशेचं केलं : भेट दर १२० सेकंदांनी, पहिल्याची फेरी ६० सेकंद. ट्रॅक १२० एकक, पहिल्याचा वेग २, फरक १. दुसऱ्याचा वेग ३ किंवा १. म्हणजे फेरी ४० सेकंदांची किंवा १२० सेकंदांची, आणि दोन्ही उत्तरं तितकीच खरी. प्रश्नात कोण वेगवान हे सांगितलं नसेल तर एकच उत्तर छापणं हा शिकणाऱ्यावर अन्याय आहे. ज्याने दुसरं उत्तर काढलं, तो स्वतःलाच चुकीचा समजून बसतो. दोन्ही उत्तरं मागणारा प्रश्न संचात मुद्दाम ठेवला.

घड्याळाचे काटे याच घरातले. १२ तासांत मिनिटकाट्याच्या १२ फेऱ्या, तासकाट्याची १. गुणोत्तर १२ : १, भेटीच्या जागा ११. दोन भेटींमध्ये ७२० भागिले ११, म्हणजे ६५ पूर्णांक ५/११ मिनिटं.

२२ जून

खऱ्या ट्रॅकवर हे हिशोब लागू होतात का ते पाहिलं. ४०० मीटर ही फक्त सर्वांत आतल्या लेनची लांबी आहे. प्रमाणित ट्रॅकमध्ये सरळ भाग दोन, प्रत्येकी ८४.३९ मीटर, वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर, आणि मोजणी आतल्या कडेपासून ०.३० मीटर बाहेर होते. २ × ८४.३९ अधिक ३६.८० त्रिज्येचा पूर्ण परीघ, बरोबर ४०० होतात. लेनची रुंदी १.२२ मीटर आणि दुसऱ्या लेनपासून मोजणी रेषेच्या ०.२० मीटर बाहेर, त्यामुळे दुसरी लेन ४०७.०४ मीटरची.

आता दोघे सेकंदाला ५ मीटर अशा सारख्याच वेगाने पहिल्या आणि दुसऱ्या लेनमधून, एकाच रेषेवरून सुटून सतत धावत राहिले तर? फरक शून्य, सूत्र सांगतं की भेट कधीच नाही. पण आतल्याची फेरी ८० सेकंदांची आणि बाहेरच्याची ८१.४०८ सेकंदांची. सरळ भागात दोघांतलं अंतर तसंच राहतं, वळणावर आतला प्रत्येक वेळी थोडा पुढे सरकतो, आणि साधारण ७७ मिनिटांनी तो बाहेरच्याला एक पूर्ण फेरी टाकून त्याच्या बाजूला येतो. लेन वेगवेगळ्या असतील तर मीटरमधला वेग सोडून ‘सेकंदाला किती फेरी’ हाच वेग धरावा लागतो. १९ तारखेची रीत इथे जशीच्या तशी चालते.

१०,००० मीटरच्या शर्यतीचं गणित मला फार आवडलं, म्हणून ते सविस्तर घेतलं. २५ फेऱ्या. युगांडाच्या जोशुआ चेप्तेगेईने ७ ऑक्टोबर २०२० रोजी व्हॅलेन्सियात २६ मिनिटं ११ सेकंदांत ही शर्यत पूर्ण केली. म्हणजे १५७१ सेकंद, सरासरी एका फेरीला ६२.८४ सेकंद. त्या गतीच्या धावपटूकडून एक फेरी मागे पडायचं नसेल तर किती वेळात पूर्ण करावी लागेल? तो २५ फेऱ्या संपवतो तेव्हा आपल्या २४ पेक्षा जास्त झालेल्या हव्यात. वेगांचं गुणोत्तर २५ : २४, सीमा १५७१ × २५/२४, सुमारे १६३६.५ सेकंद. दोघांचा वेग एकसमान मानला तर २७ मिनिटं १६.५ सेकंदांहून हळू धावणारा प्रत्येक जण मागून गाठला जातो.

२४ जून

‘१० मिनिटांत किती वेळा भेटतील’ या प्रकारात वेग ७ आणि ५, एकाच दिशेने : आघाडी १२०० मीटर, भेटी ३. विरुद्ध दिशेने : मिळून ७२०० मीटर, भेटी १८. सुटतानाचा क्षण धरायचा का, हे प्रश्नात लिहून टाकलं. शेवटची भेट दोन्ही वेळा नेमकी १० मिनिटं पूर्ण होताना पडते, तीही धरायची असं लिहिलं. असे काठावरचे आकडे नको असतील तर ११ मिनिटं घ्यावीत.

२७ जून

शेवटचा गट : भेटल्यावर मागे वळणारे.

वेग १० आणि ६, विरुद्ध दिशेने, आणि प्रत्येक भेटीला दोघेही वळतात. पहिली भेट २५ सेकंदांनी २५० वर. दोघे वळले की आपापल्याच वाटेने परत येतात आणि ५० सेकंदांनी एकत्रच शून्यावर. पुन्हा वळतात, यावेळी भेट १५० वर अपेक्षित होती. कड्यावर चालवून पाहिलं तर पुन्हा २५०. शून्यावर वळले म्हणजे दोघे पहिल्यासारखेच सुटले, हे क्लिप फिरल्यावर लक्षात येतं. वेळेचं अंतर आधीसारखंच, दर २५ सेकंद. जागा मात्र आठांवरून दोनच उरल्या. ‘कधी’ तेच राहून ‘कुठे’ पूर्ण बदलण्याचं याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नाही.

आता प्रत्येक भेटीला फक्त १० चा वळतो. पहिली भेट २५ सेकंदांनी. तो वळला की दोघे एकाच दिशेने, पुढची भेट आणखी १०० सेकंदांनी. पुन्हा वळला की समोरासमोर, २५ सेकंद. भेटी २५, १२५, १५०, २५०, २७५ सेकंदांना. पाचवी भेट कुठे, हा संचातला शेवटचा प्रश्न.

वळणाऱ्याचा मार्ग धरला तर पाच तुकडे, अधिक-उणे सांभाळत. न वळणाऱ्याचा एकच तुकडा : २७५ × ६ = १६५० मीटर, उलट दिशेने. १६०० म्हणजे चार फेऱ्या, उरले ५०. शून्यापासून ५० मीटर मागे म्हणजे ३५० ची खूण. पडताळणी वळणाऱ्याच्या बाजूने : २५० − १००० + २५० − १००० + २५० = −१२५०, त्यात चार फेऱ्या मिळवल्या की ३५०. जुळलं, संचात घेतलं.